महागाईत घराची बिलं कमी कशी करायची, आमच्या घरात जे खरंच कामाला आलं ते सगळं

मे महिन्यात आमचं लाइट बिल साडेतीन हजारांच्या वर गेलं, त्याच आठवड्यात मुलीची शाळेची फी आणि सोसायटीचा मेंटेनन्स, आणि मी वही काढून बसले तर पहिल्यांदा काय सुचलं, तर दूध अर्धा लिटर कमी करू आणि फळं बंद करू. सासूबाई शेजारीच लसूण सोलत होत्या, त्या म्हणाल्या, "अगं, पोरांच्या तोंडचं कशाला काढतेस, आधी ते बिल तरी नीट वाच." खरं सांगते, बारा वर्षं संसार करतेय पण लाइट बिल खालच्या आकड्यापलीकडे मी कधी वाचलंच नव्हतं. त्या दिवसापासून एक एक बिल धरून वाचायला लागले आणि गेल्या वर्षभरात जे जमलं ते इथे सगळं लिहितेय. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, टू बीएचके, घरात पाच माणसं. तुमचे आकडे वेगळे असतील पण पद्धत तीच चालेल.

एक गोष्ट आधीच सांगते, कुठून सुरुवात करायची हे फार महत्त्वाचं आहे. ज्याचं कुणालाच सुख नाही असा खर्च आधी काढायचा, म्हणजे चालूच राहिलेली मशीन, न बघितलेलं सबस्क्रिप्शन, जुना महाग प्लॅन वगैरे. मग दर कमी करता येतो का ते बघायचं. आणि ताटातल्या गोष्टींना सगळ्यात शेवटी हात लावायचा, आमच्याकडे तर लावायची वेळच आली नाही.

सगळ्यात आधी तीन महिन्यांचं स्टेटमेंट

एक रविवार दुपार काढा. बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट डाऊनलोड करा, यूपीआय ॲपची हिस्टरी उघडा आणि दर महिन्याला न चुकता जे पैसे जातात त्याला पेनाने गोल करा. हे मोबाइलवर स्क्रोल करून होत नाही, कागदावर घ्या. हप्ते, विमा, रिचार्ज, केबल, इंटरनेट, ओटीटी, क्लास, पेपर, दूध, कामवाल्या मावशी, सगळं. समोर वर्षाचा आकडा लिहा, महिन्याचा नको, कारण महिन्याला १४९ रुपये वाचले की काही वाटत नाही पण वर्षाचे १७८८ लिहिले की हात थांबतो.

मग यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाचा एक भाग असतो तो उघडा. आमच्याकडे तिथे मुलीच्या अभ्यासाचं एक ॲप निघालं, ते तिने आठवडाभर वापरलं होतं आणि नंतर सात महिने पैसे जात होते. मोबाइलमधून ॲप डिलीट केलं म्हणजे पैसे थांबत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. तिथे जाऊन ते ऑटोपे रद्द करावं लागतं. कार्डावर किंवा यूपीआयवर ऑटोपे असेल तर पैसे कापायच्या किमान २४ तास आधी मेसेज येतो, तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका.

लाइट बिल, इथेच सगळ्यात जास्त वाचतं

महावितरणच्या घरगुती बिलात युनिटचे टप्पे असतात, ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. पुष्कळ लोकांना वाटतं की ३०१ युनिट झालं की सगळ्याच युनिटला महाग दर लागतो, तसं नाहीये, पहिली शंभर स्वस्त दरानेच लागतात आणि फक्त वरची युनिटं महाग. पण तो वरचा दर किती महाग ते बघा. दर दरवर्षी बदलतात म्हणून स्वतःच्या बिलावरच बघायचं, पण वीज आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत आणायचा खर्च) आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क असं सगळं धरून आमच्याकडे पहिल्या शंभरातलं युनिट साडेसहा-सात रुपयांना पडतं, शंभरच्या वरचं साडेबारा-तेराला आणि तीनशेच्या वरचं सोळा-सतराला.

याचा अर्थ असा की तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी तुमचं सगळ्यात महागातलं युनिट असतं. बिल भागिले युनिट असा सरासरी दर काढून लोक म्हणतात की दहा युनिट वाचवून काय होणार, तर ती दहा युनिटं सरासरी दराची नसतात, वरच्या टप्प्यातली असतात. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आता मीटरपाशी जा. घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिजसुद्धा पाच मिनिटं, पण मेन स्विच चालू ठेवा. मीटरवर एक बारका लाल दिवा लुकलुकत असतो आणि बाजूला लिहिलेलं असतं की किती लुकलुकींना एक युनिट. आमच्या मीटरवर ३२०० आहे. ३२०० असेल तर दर ११ सेकंदांनी एकदा लुकलुकणं म्हणजे साधारण १०० वॅट चालू आहे. आमच्याकडे सगळं बंद करूनही दर २८ सेकंदांनी दिवा लागत होता, म्हणजे ४० वॅट कुठेतरी जात होते. मी खाली मीटररूममध्ये फोन कानाला लावून आणि नवरा वर एक एक प्लग काढतोय असं केलं तेव्हा सापडलं, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी आणि टीव्हीचा सेट टॉप बॉक्स. बॅटरी थकली की ती भरतच नाही आणि चार्जर चालूच राहतो. ४० वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला जवळजवळ २९ युनिट, आमच्या दराने साडेतीनशे रुपये, आणि आमच्याकडे लाइट जाते वर्षातून चार-पाच वेळा. आता इन्व्हर्टर बंद असतो, महिन्यातून एकदा चार्ज करून ठेवतो, पावसाळ्यात चालू करतो. आणि सगळं बंद करून, प्लगसुद्धा काढूनही दिवा लुकलुकत राहिला तर वायरिंगमध्ये गळती असू शकते, तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलवाच, तो फक्त बिलाचा प्रश्न नाही, जिवाचा आहे.

यानंतर पंखे. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, ३० ते ३५. रोज १२ तास चालणारा पंखा धरला तर साधा महिन्याला २७ युनिट आणि बीएलडीसी ११-१२, म्हणजे एका पंख्यामागे १५ युनिट. वरच्या टप्प्यात असाल तर महिन्याला पावणेदोनशे-दोनशे रुपये. पंखा अडीच-तीन हजारांना येतो, दीड वर्षाच्या आत पैसे वसूल. पण सगळे एकदम बदलू नका, जो सगळ्यात जास्त चालतो तोच आधी. आमच्याकडे हॉलमधला आणि सासूबाईंच्या खोलीतला बदलला, मुलांच्या खोलीतला जुनाच आहे कारण तो रात्रीपुरताच चालतो. आणि हो, पंखा बंद करून उकाड्यात बसायची काटकसर कुणी करू नका, विशेषतः घरात म्हातारी माणसं असतील तर.

गीझरचं थोडं सविस्तर सांगते कारण हिवाळ्यात बिल इथेच फुगतं. वीस लिटरची एक बादली २५ डिग्रीवरून अंघोळीपुरती ४० वर न्यायला साधारण ०.३५ युनिट लागतं, त्यापेक्षा कमी कुठल्याच इलेक्ट्रिक गीझरला जमणार नाही, स्टार कितीही असोत. मग जास्त जातं ते कशात, तर एकाची अंघोळ सहाला, दुसऱ्याची आठला, आणि मधले दोन तास गीझर चालूच, किंवा टाकीत राहिलेलं गरम पाणी दिवसभर गार होतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवायचं. आमच्याकडे आता पाच जणांच्या अंघोळी एका पाठोपाठ एक, आणि शेवटच्याने आत जाताना गीझर बंद करायचा, टाकीत असतं तेवढ्यात त्याचं होतं. शॉवर आठवड्यातून एकदा, बाकी बादली. गॅस गीझर स्वस्त पडतो असं म्हणून बसवणार असाल तर तो बाथरूमच्या आत अजिबात नको, बंद बाथरूममध्ये त्याच्या विषारी वायूने माणसं गेलेली आहेत. बाहेर मोकळ्या हवेत बसवता येत असेल तरच विचार करा.

फ्रिजचं एक सोपं. दाराच्या रबरात कागद अडकवून दार लावा आणि कागद ओढा, अलगद निघून आला तर रबर सैल झालंय आणि फ्रिज रात्रंदिवस बाहेरची हवा गार करतोय. चारही बाजूंनी करून बघा. कोमट पाण्यात सर्फ घालून रबर पुसलं तर बरेचदा तेवढ्यावरच भागतं, नाहीतर बदलून घ्या. भिंतीपासून फ्रिज चार बोटं पुढे ओढा. एसी असेल तर २४ पासून सुरू करा आणि बरोबर पंखा लावा, एक डिग्री वर नेली की एसीची साधारण ६ टक्के वीज वाचते, आणि जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा.

बिलावरच्या सवलतीही घ्या, छोट्या आहेत पण फुकटच्या आहेत. कागदी बिल नको, ईमेलवर द्या असं नोंदवलं की दर बिलाला १० रुपये सूट मिळते, त्याला गो-ग्रीन म्हणतात, वर्षाचे १२० झाले. बिलावर एक लवकरची तारीख छापलेली असते, तोपर्यंत भरलं तर साधारण १ टक्का सूट, आणि ऑनलाइन भरलं तर पाव टक्का आणखी. बिलावर चालू रीडिंग आणि मागचं रीडिंग बघा आणि मीटरशी ताडून पाहा, सरासरी बिल लागलं असेल तर लगेच तक्रार नोंदवा, साठू देऊ नका. उन्हाळ्यात सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं ते बघून लोक घाबरतात, ते तुमच्याच नावावर जमा राहतं, त्यावर वर्षाला व्याजही बिलात वळतं होतं, ते आलंय का तेही बघा. आणि नवीन टीओडी मीटर, म्हणजे वेळेप्रमाणे दर लावणारं मीटर, बसलं असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापराला युनिटमागे सवलत आहे, तेव्हा वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याची मोटर, मिक्सरचं वाटण हे दिवसाच उरकून घ्या.

स्वतःचं घर आणि स्वतःची गच्ची असेल तर गच्चीवर सोलर बसवायच्या पीएम सूर्यघर योजनेकडे खरंच बघा. २०२४ पासून सुरू आहे, १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा त्याहून जास्तला ७८ हजार अनुदान. १ किलोवॅटवर महिन्याला १००-१२० युनिट तयार होतात, म्हणजे वरची महागाची युनिटं सगळी कापली जातात. माझ्या भावाने गावाला बसवलंय, त्याचं बिल आता स्थिर आकाराच्या आसपासच असतं. आमच्यासारख्या फ्लॅटवाल्यांना गच्ची सामाईक असते, पण सोसायटीच्या लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठीही याच योजनेत किलोवॅटमागे १८ हजार अनुदान आहे, तो विषय जनरल बॉडीच्या मीटिंगमध्ये काढा, मेंटेनन्स त्यानेच कमी होतो.

गॅस

घरगुती सिलिंडर एप्रिल २०२५ मध्ये एकदम ५० रुपयांनी वाढला तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्या म्हणायला लागल्या की इंडक्शन घ्या. मी हिशोब करून बघितला तो देते. १४.२ किलोचा सिलिंडर जेवढा स्वयंपाक करतो तेवढाच इंडक्शनवर करायला साधारण १२० ते १४० युनिट लागतात. तुमचं घर शंभर युनिटच्या वर वापरत असेल तर ही सगळी युनिटं साडेबारा-तेरा रुपयांची, म्हणजे दीड हजाराच्या वर. सिलिंडर त्याच्यापेक्षा बराच स्वस्त आहे. तेव्हा बिल कमी करायला म्हणून इंडक्शन घेऊ नका, सोलर असेल किंवा एकटं राहत असाल आणि बिल शंभर युनिटच्या आतच असेल तर गोष्ट वेगळी.

गॅस वाचतो तो स्वयंपाकाच्या सवयीने. कॅलेंडरवर सिलिंडर लावल्याची तारीख लिहा, हे सगळ्यात पहिलं, नाहीतर काय फरक पडला ते कळत नाही. आमचा सिलिंडर ३३-३४ दिवस जायचा, आता ४१-४२ जातो. काय केलं तर, छोले-राजमा-हरभरे रात्री भिजवणं तर सगळेच करतात, मी तूरडाळ आणि तांदूळही अर्धा तास आधी भिजवते. वरण, भात आणि बटाटे एकाच कुकरात डब्यांत. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक, आणि शिट्ट्या मोजायच्या नाहीत, मिनिटं मोजायची. कुकर बंद केल्यावर वाफ सुरीने उचलून काढायची नाही, आतली डाळ त्याच वाफेत शिजत राहते. भाजीवर झाकण आणि झाकणावर पाणी, आपल्या आज्यांची पद्धत. चहा दोनदा करून दोनदा गरम करण्यापेक्षा एकदाच करून थर्मासमध्ये. ज्योत पिवळी दिसली तर बर्नर काढून टाचणीने भोकं साफ करा, पिवळी ज्योत म्हणजे गॅस नीट जळत नाही आणि भांडीही काळी होतात.

सिलिंडर घेताना वजन करून घ्या. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं असतं, त्यात १४.२ मिळवा, तेवढं भरलं पाहिजे. डिलिव्हरीवाल्या दादांकडे काटा असायला हवा, मागितला की देतात, संकोच करू नका.

वाणसामान

इथे मी सगळ्यात जास्त फसत होते आणि इथेच सगळ्यात जास्त शिकले. तेलाचा डबा घ्या. दोन दुकानांत एकाच तेलाच्या डब्यात सव्वाशे रुपयांचा फरक दिसला म्हणून मी स्वस्तातला आणला, आणि घरी आल्यावर सासूबाईंनी चष्मा लावून डब्यावरचं वाचलं. तो १५ लिटरचा होता, महागवाला १५ किलोचा. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, तेव्हा १५ लिटरच्या डब्यात तेल भरतं १३ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास. सव्वाशे रुपये वाचवायला गेले आणि सव्वा किलोच्या वर तेल कमी आणलं. आता दुकानात पहिला प्रश्न तोच असतो, "काका, डबा किलोचा का लिटरचा?" पिशव्यांमध्येही हेच, कुठे १ लिटर म्हणजे ९१० ग्रॅम, कुठे ८५०-८०० ग्रॅमच, सगळ्या एकसारख्या दिसतात.

म्हणून पाकिटावरची एकूण किंमत बघायची सोडा. बारीक अक्षरात प्रति ग्रॅम, प्रति किलो किंवा प्रति लिटर किंमत छापलेली असते, ती बघा. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं हाही समज आहे, बिस्किटं आणि शाम्पूत मला बरेचदा उलटं दिसलंय.

दुसरं, वर्षाचं भरणं. आपल्याकडे आधी प्रत्येक घरात असायचं, फ्लॅटमध्ये आल्यावर सुटलं. सगळं नको पण जे टिकतं ते हंगामात घ्या, नवीन तूर आणि शाळू ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, मिरची-हळद मार्च-एप्रिलला, गहू एप्रिलमध्ये. मार्केट यार्डातून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून पन्नास किलोचं पोतं दोन-तीन घरांत वाटून घेतलं की जागेचा प्रश्न येत नाही आणि एकदम पैसेही अडकत नाहीत. दोन कडक उन्हं द्या, डाळीला एरंडेलाचा हात लावा, गव्हात कडुलिंबाचा वाळलेला पाला, आणि डबा पूर्ण कोरडा. ओलसर राहिलं तर जून-जुलैत सगळं किड्यांचं होतं, मग स्वस्ताई काय कामाची. मटार डिसेंबर-जानेवारीत स्वस्त असतो तेव्हा दाणे फ्रीजरमध्ये, कैरी-लिंबाचं लोणचं वेळच्या वेळी. भाजी आठवडे बाजारातून आणि संध्याकाळी उशिरा, पण जेवढी चार दिवसांत संपेल तेवढीच, कारण फ्रिजमध्ये सडलेली कोथिंबीर हा सगळ्यात महागाचा पदार्थ आहे.

दूध-अंडी-डाळ यांना कात्री लावू नका. तूर कडाडली तर वरणात निम्मी मसूर किंवा मूग घाला, प्रोटीन तेवढंच राहतं.

मोबाइल आणि टीव्ही

जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी रिचार्ज वाढवले तेव्हापासून पाच माणसांच्या घरात हा चांगलाच मोठा खर्च झालाय. प्लॅनची तुलना करताना दिवसांनी भागा. २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. त्याच्या शेजारी ८४ दिवसांचा आणि वर्षाचा प्लॅन ठेवून एका दिवसाचा खर्च काढा. घरात वायफाय असेल तर रोजच्या दोन जीबीतला बहुतेक डेटा वापरलाच जात नाही, सेटिंगमध्ये मागच्या महिन्याचा वापर बघा आणि त्याप्रमाणे खाली या.

घरात साधा फोन वापरणारं कुणी असेल तर हे जरूर करा. ट्राय, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या आदेशानंतर २०२५ पासून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले प्लॅन ठेवावे लागतात. ते ॲपमध्ये पहिल्या पानावर दिसत नाहीत, खाली शोधावे लागतात. सासूबाईंचा फोन बटणांचा, दोन वर्षं आम्ही त्यावर डेटाचा प्लॅन मारत होतो.

टीव्हीचं ज्याने त्याने ठरवावं. आम्ही चॅनलचं तयार पॅकेज सोडून बघतो तेवढेच चॅनल निवडले. फक्त बातम्या, जुने सिनेमे आणि सह्याद्री बघणारं घर असेल तर डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडंच नाही. ओटीटी एका वेळी एकच, एक महिना हा, पुढचा महिना तो.

औषधं आणि विमा

सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांना महिन्याला अठराशे जायचे. डॉक्टरांना सरळ विचारलं, "डॉक्टर, जनऔषधीतून घेतल्या तर चालतील का?" त्यांनी चिठ्ठीवर टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन अशी मूळ औषधांची नावं आणि पॉवर लिहून दिली, आता तेच साडेपाचशेत बसतं. जनऔषधी केंद्रातली औषधं ब्रँडच्या मानाने पन्नास ते ऐंशी टक्क्यांपर्यंत स्वस्त असतात. फक्त न विचारता बदलू नका, आणि बदलल्यावर पहिले दोन महिने बीपी-शुगर मोजून लिहून ठेवा. थायरॉइड किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टर हो म्हणाल्याशिवाय अजिबात नाही.

विमा पैसे वाचवायला म्हणून बंद करू नका, एक ॲडमिशन सगळी वाचवलेली बिलं घेऊन जाते. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विमा आणि आयुर्विमा यांच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय, तुमच्या रिन्यूअलच्या नोटिशीत तो लावलेला नाही ना ते तपासा. त्याच दिवसापासून साबण, शाम्पू, टूथपेस्टवरचा १८ चा ५ टक्के झाला, घरातला जुना स्टॉक आणि नवीन पाकीट यांची एमआरपी शेजारी ठेवून बघा.

हप्ता, घरपट्टी आणि प्रवास

घराचं कर्ज असेल तर हा भाग वरच्या सगळ्यापेक्षा जास्त पैशांचा आहे. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती ज्या दराने बँकांना पैसे देते तो, फेब्रुवारी २०२५ च्या आधी ६.५० होता तो डिसेंबर २०२५ पर्यंत ५.२५ वर आला. तुमच्या कर्जाचा व्याजदर तेवढा उतरलाय का? स्टेटमेंट काढून बघा. आमचं कर्ज जुन्या पद्धतीचं, २०१९ च्या आधीचं, त्याचा दर फारसा हललाच नव्हता, आणि कुणी सांगायला येत नाही. बँकेत गेलो, रेपोशी जोडलेल्या दरावर बदलून द्या असा अर्ज दिला, थोडी फी भरली आणि झालं. २५ लाख शिल्लक आणि १५ वर्षं बाकी असतील तर ९ चा ८.५ झाला तरी हप्त्यात महिन्याला ७४० रुपयांच्या आसपास फरक पडतो. बँकेने नकार दिला तर दुसऱ्या बँकेचा दर विचारून परत जा. फ्लोटिंग दराच्या घरकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड लागत नाही, त्यामुळे जायची मोकळीक असते आणि ते बँकेलाही माहीत असतं.

पुण्यात स्वतःच्या घरात स्वतः राहत असाल तर घरपट्टीत ४० टक्के सवलत आहे, ती बिलात दिसत नसेल तर पीटी-३ फॉर्म भरून क्षेत्रीय कार्यालयात द्यावा लागतो, सोबत राहत्या घराचे पुरावे. घरपट्टी लवकर भरली तर सर्वसाधारण करात सूटही मिळते, म्हणून बिल आल्या आल्या भरा.

एसटीचं बहुतेकांना माहीत आहे, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, ७५ च्या पुढच्यांना फुकट, ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं. गावाला जाताना आम्ही पेट्रोलचा हिशोब करून बघितला, मी, मुलगी आणि सासूबाई एसटीने गेलो तर गाडी काढण्याच्या निम्म्यानेही लागत नाही. स्कूटरच्या चाकात दर पंधरा दिवसांनी हवा बघा, कमी हवेवर पेट्रोल जास्त जातं.

पाण्याचं एकच सांगते, कमोडच्या टाकीत हळद कालवलेलं पाणी घाला आणि वीस मिनिटं फ्लश करू नका, भांड्यात पिवळं उतरलं तर वॉशर गळतोय. आमच्या सोसायटीत ज्या महिन्यात सगळ्यांनी हे केलं त्या महिन्यात अकरा घरांत गळती निघाली, आणि टँकर तेव्हापासून आठवड्याला दोन कमी लागतात. ऐंशी रुपयांचा वॉशर.

आता दर महिन्याच्या एक तारखेला मुलगी खाली जाऊन मीटरचं रीडिंग बघते आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिते, शेजारच्या चौकटीत सिलिंडरची तारीख. पंधरा तारखेला पुन्हा एकदा बघायचं. तोपर्यंत १२५ युनिटच्या वर गेलं असेल तर महिनाअखेर आम्ही २५० ओलांडणार हे तेव्हाच कळतं, आणि हातात अजून पंधरा दिवस असतात. मागच्या मे महिन्यात ३१८ युनिटं होती, या मे महिन्यात २३६ आली, आणि दूध अजूनही दोन लिटरच येतं.